बोटभर फेस

मी दुकानात शिरले तेव्हा माझ्या कोटावरून गारा घरंगळत होत्या, आणि काउंटरमागचा माणूस डब्यातली साखर चमच्यानं खात होता.

"अं... चव बघत होतो," तो म्हणाला आणि चमचा पाठीमागे लपवला.

"साखरेची?"

"खात्री केलेली बरी."

आमच्या थॉर्नरॉइड गावात घरी बिअर करणाऱ्यांसाठी एकच दुकान आहे. कालव्याच्या पुलाला लागून, डॉटबाईंचं. पण डॉटबाई कुठे दिसेनात. हा मात्र उंच, हडकुळा, आणि डाव्या भुवईत लाकडाचा भुस्सा अडकलेला. मला उगीचच तो बोटानं झटकावासा वाटला. मी हात कोटाच्या खिशात कोंबले.

"डॉट माझी मावशी. दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते, म्हणून मी बसतो," तो म्हणाला. "बोला."

"बाटल्यांत घालायला साखर हवीय. बिटर बिअर आहे. वीस लिटर. आज भरायचीय."

"किती गॅस हवा?"

"किती असतो?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. दुकानात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आणून म्हणाला, "हे इथे मोठ्यानं विचारायचं नसतं. मागच्या नाताळात दोन म्हातारे यावरून भांडले. अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

मला हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

"सोपं आहे," तो सांगू लागला. "बाटलीत जरा साखर घातली की उरलंसुरलं यीस्ट ती खातं आणि गॅस होतो. साखर जास्त, गॅस जास्त. लागर बिअरला सळसळ लागते, तिला लिटरमागे सहा ग्रॅम घाला. आपल्या बिटरला तेवढी घातली तर सगळी चव फेसातच जाते. तिला साडेतीन पुरे. ओतली की बोटभर फेस, आणि जिभेवर... कसं सांगू... कुणीतरी कानात हळूच बोलल्यासारखं."

"कानात?"

"जिभेवर. पण हळूच." आणि त्याचे कान लाल झाले.

"हळूच हवं," मी म्हटलं. "बाबांना टोचायला नको."

मग काय झालं कुणास ठाऊक, मी बोलतच सुटले. बाबांच्या स्वरयंत्रावरची गाठ परवा काढली. दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. गाठीचा रिपोर्ट यायला दोन आठवडे. बोलायला लागले की घोटभर बिअर चालेल असं डॉक्टर म्हणालेत. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी बिअरचं पिंप भरून ठेवलं, आणि आता खाटेवरून वहीत लिहून लिहून मला छळताहेत — बाटल्या भर, बाटल्या भर. मी चष्म्याच्या दुकानातून रजा घेऊन सगळा दिवस दवाखान्यात, घर नुसतं बर्फ झालंय. उद्या बाबा आले की हीटर फुल्ल लावणार. बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवणार, त्याचं दार पुढच्या खोलीत उघडतं, आणि बाबांची खुर्ची त्या दाराला टेकूनच असते, म्हणजे त्यांचं लक्षही राहील...

तो मान थोडी कलती करून ऐकत होता. मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही त्यानं.

"बुडबुडे थांबलेत ना पिंपातले?" शेवटी त्यानं विचारलं.

"दोन दिवस झाले."

"मग झालं तर." त्यानं साखर तोलली आणि पुडीवर पेन्सिलीनं लिहिलं — वीस लिटर, सत्तर ग्रॅम.

"सत्तरच? एवढीशी?"

"विश्वास ठेवा माझ्यावर."

मी ठेवला. बाहेर गारा थांबल्या होत्या. पुलावर गेल्यावर लक्षात आलं, ना त्यानं माझं नाव विचारलं, ना मी त्याचं.

त्याच संध्याकाळी मी चाळीस बाटल्या भरल्या, त्यांना बुचं ठोकली आणि कपाटात रचून ठेवल्या. शुक्रवारी बाबा घरी आले. गळ्याला मफलर, हातात वही. आल्याआल्या कपाट उघडून बाटल्या मोजल्या आणि लिहिलं, "बुचं वाकडी आहेत." मग पान उलटून, "पण शाबास."

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही दोघंच. बाबा म्हणजे, मालवाहू बोटींच्या कालव्यावरच्या पाण्याच्या झडपा तीस वर्षं उघडबंद करणारा क्लिफर्ड ग्रीनवुड. त्यांचा आवाज एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचायचा. आता ते मुकाट खुर्चीत बसत, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत राही. तेवढाच आवाज. रिपोर्टबद्दल वहीत एक अक्षर लिहीत नसत. मीही विचारत नसे.

सोमवारी दुपारी कुणीतरी दार धडाधडा ठोकलं.

दारात तो. साखर खाणारा. डोक्यावर टोपी नाही, छातीचा भाता, हातात कातडी हातमोजे आणि खांद्याला हत्यारांची पिशवी.

"सापडलात!" तो म्हणाला. "बाबा खुर्चीत आहेत? कपाटाजवळ?"

"हो, पण तुम्हाला आमचं घर कसं..."

"नंतर सांगतो. आधी त्यांना उठवा. प्लीज. आत्ताच्या आत्ता."

त्याच्या चेहऱ्यात असं काही होतं की मी वाद घातला नाही. बाबांचा दंड धरून त्यांना उठवलं. ते चिडले, लिहू लागले, "हा कोण?" मी त्यांना वहीसकट स्वयंपाकघरात ढकललं. तो आमच्या मागोमाग आला आणि मधलं दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"बिअर झालेली नव्हती," तो धापा टाकत म्हणाला. "घर गार पडलं म्हणून यीस्ट झोपलं होतं, म्हणून बुडबुडे थांबले. तुम्ही हीटर लावलात, ते उठलं. आता माझी सत्तर ग्रॅम तर खातंयच, शिवाय बिअरमधली मूळची साखर उरलीय तीही खातंय. बाटलीला तेवढा जोर..."

फट्!

पलीकडच्या खोलीत काहीतरी खळ्ळकन सांडलं. मग पुन्हा — फट्!

मी दाराच्या फटीतून पाहिलं. कपाटाखालून तांबूस फेस सरपटत बाहेर येत होता. आणि कपाटाच्या दाराखालच्या फटीतून उडालेला काचेचा लांब तुकडा बाबांच्या खुर्चीपाशी पडला होता. नेमका जिथे त्यांचे पाय असतात तिथे.

 मला भयंकर राग आला.

"विश्वास ठेवा म्हणालात!" मी किंचाळले. "माझ्या बाबांचं ऑपरेशन झालंय! रोज सकाळी मी देवाला... आणि तुम्ही बाँब लावलेत त्यांच्या पाठीशी! एवढंही विचारता येत नाही? डब्यात तोंड घालून साखर खाता येते तेवढी!"

 त्यानं एक सबब सांगितली नाही. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाला. "बिअरची घनता मोजलीत का, म्हणजे साखर उरलीय का, हे विचारायला हवं होतं मी."

बाबांनी टेबलावर वही आपटली. दोघंही वळलो. त्यांनी लिहिलं होतं, "ओरडणं पुरे. माझी बिअर वाचेल का?"

त्यानं ते वाचलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की वहीचं पान फडफडलं. "वाचेल. आत्ता थंडीत नेली तर वाचेल."

त्यानं पिशवीतून सुतारकामाचे जाड चष्मे काढले, एक मला दिला. ओली घोंगडी पांघरून आम्ही एकेक खोका मागच्या अंगणात नेला. बाहेर जमिनीवर पांढरं हिव पडलं होतं. मी त्याच्याकडे बघायचंही टाळत होते. शेवटचा खोका ठेवला तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या मिसेस शॅकल्टननी डोकं वर काढलं.

"सापडली का रे तुझी बाटलीवाली? बिचारा काल दुपारपासून दारं ठोकत फिरतोय, ब्रायनी. काल आमच्यापर्यंत येता येता अंधार पडला, आम्हीही घरात नव्हतो, तर आज पुन्हा आला. ऐन जेवणावरून उठवलं मला."

मी चष्मा काढला. "किती दारं?"

"त्रेपन्न," तो म्हणाला. जरा थांबून, "एका दारात कुत्रा होता."

त्याच्या पँटचा डावा पाय पोटरीपाशी फाटलेला मला तेव्हा दिसला.

"काल मावशीनं पावासाठी मळलेली कणीक हीटरजवळ ठेवली होती," तो सांगू लागला. "सकाळपासून गार स्वयंपाकघरात ढिम्म होती, आणि तिथे नेल्यावर भांड्याबाहेर आली. बघता बघता मला तुमचं बोलणं आठवलं. गार घर, हीटर, खुर्ची... नाव माहीत नव्हतं. पण मी सुतार आहे. जिने करतो. जिन्याखालच्या कपाटाचं दार पुढच्या खोलीत उघडतं, अशी घरं गावात तीनच गल्ल्यांत आहेत."

माझा राग कुठे गेला कळलंच नाही. त्याच्या जागी रडू आलं, आणि तेही नीट येईना.

"नाव विचारलं असतंत त्या दिवशी, तर बावन्न दारं वाचली असती," मी नाक पुसत म्हटलं.

"विचारायचंच होतं. पण तुम्ही बोलत होता, आणि... ऐकतच राहावंसं वाटत होतं. त्यातच घनतेचंही राहून गेलं." तो बुटांकडे पाहू लागला. "मी रुबेन. रुबेन हॉल्स्टेड."

"ब्रायनी."

"आता कळलं. मिसेस शॅकल्टनकडून."

भिंतीपलीकडचं डोकं अजून तिथेच होतं. आम्ही दोघंही एकदम हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काम आटोपून आला. बाटल्या रात्रभर हिवात राहून शांत झाल्या होत्या. आता एकेक बूच जरासं उचलायचं, जादा गॅस सोडायचा, पुन्हा दाबायचं.

"हळू," तो म्हणाला. "किंचित. फक्त सुस्कारा ऐकू आला पाहिजे."

मी किंचित उचललं. सुस्कारा कसला, कारंजंच उडालं! माझ्या केसांत, त्याच्या तोंडावर, दोरीवर वाळत घातलेल्या बाबांच्या बनियनवर. खिडकीच्या काचेमागे बाबा पोट धरून हसत होते, बिनआवाजाचे.

"हा सुस्कारा?" मी डोळे चोळत विचारलं.

"तू उचलतेस की उपटतेस?" त्याच्या दाढीवरून फेस गळत होता.

"तू शिकवतोस असं शिकवतोस!"

अहो-जाहो त्या फेसात कधी वाहून गेलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अडतीस बाटल्या उरल्या होत्या. एका दिवसात होणारं काम नव्हतं, कारण एकदा गॅस सोडला की उरलेली साखर खाऊन यीस्ट पुन्हा गॅस करायचं. रोज सोडा, रोज एक बाटली चाखा, रोज ठरवा. रुबेन रोज यायचा. अंगणातल्या पायरीवर आम्ही एकाच ग्लासातून घोट घ्यायचो.

"अजून टोचतंय," मी म्हणायची.

"कुठे?"

"जिभेच्या शेंड्याला."

"तो तुझा आधीपासूनच टोकदार आहे."

"आणि तुझी जीभ? साखर खाऊन खाऊन बधिर झालेली."

"म्हणून तर तुझ्यावर अवलंबून आहे सगळं."

तो असं काही बोलला की मी ग्लासात पाहायची. तो पाहायचा माझ्याकडे. मग मी मान वर केली की तो घाईघाईनं ग्लासात... आणि मधे मिसेस शॅकल्टन खोकायच्या.

आत गेलं की बाबांची वही तयार असायची. "हा सुतार बाटल्यांसाठी येतो का?" मी "हो" म्हणायची. बाबा खाली लिहायचे, "मला घसा नाही. डोळे आहेत."

एकदा रुबेननं विचारलं, "तुझ्या मनासारखा गॅस किती? बाबांचा नको. तुझा."

मी म्हटलं, "रिपोर्ट येईपर्यंत मला कशाचीच चव लागत नाहीय, रुबेन. कुणाबद्दल काही ठरवताही येत नाही. म्हणजे... कशाबद्दल. बिअरबद्दल."

"बिअरबद्दल," तो गंभीरपणे म्हणाला. "मग थांबू. घाई केली की काय होतं, ते बघितलंय आपण."

त्यानं माझा हात धरला नाही. फक्त त्याचा कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि पुढची बाटली उचलली. मला त्या क्षणी हात धरण्याहून ते बरं वाटलं.

दहा दिवस झाले. बाबांना बोलायची परवानगी मिळाली, पण ते बोलेनात. मी विनवलं, रागावले. त्यांनी लिहिलं, "रिपोर्ट येऊ दे." खाली बारीक अक्षरात, "कसा आवाज निघेल कुणास ठाऊक." एवढा मोठा माणूस आपल्याच आवाजाला घाबरला होता. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले.

फोन गुरुवारी सकाळी अकराला आला. रुबेन अंगणातून बाटली घेऊन आत येत होता, तो उंबऱ्यावरच थबकला. पलीकडून डॉक्टरीणबाई बोलत होत्या. मला त्यांचे शब्द नीट कळत नव्हते, फक्त त्यांचा सूर कळत होता. सूर हलका होता.

"साधी गाठ होती," मी फोन ठेवून म्हणाले. "काही नाही, बाबा. काहीच नाहीये. सगळी निघाली."

आणि मी तिथेच फरशीवर बसले. पाय पसरून, लहान मुलीसारखी, हुंदके देत. दोन आठवडे छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचललं होतं आणि आता एवढ्या मोकळ्या जागेचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

"रडतेस काय," कुणीतरी म्हणालं. "ग्लास आण, पोरी."

खरखरीत, जाडसर, करवतीसारखा आवाज. पण बाबांचा. बाबा स्वतःच दचकले. मग त्यांनी तो पुन्हा करून पाहिला. "तीन ग्लास. सुतारालाही दे."

रुबेननं ओतली. तपकिरी, नितळ, वर बोटभर फेस. बाबांनी ग्लास उजेडाकडे धरला, मग एक घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. घोट खाली गेला.

"टोचत नाही," बाबा म्हणाले. आणखी एक छोटा घोट. "आणि पाणीही झालेली नाही. बरोबर आहे."

रुबेननं भिंतीला डोकं टेकलं. त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या, आणि तो ते लपवतही नव्हता. त्या त्रेपन्न दारांचं ओझं अजून त्याच्याकडेच होतं, हे मला तेव्हा कळलं.

जरा वेळानं तो पिशवी भरू लागला. चष्मे, हातमोजे, बुचं दाबायचं यंत्र. सगळं अगदी सावकाश. मी त्याला पोचवायला पुढच्या दारापर्यंत गेले. बाहेर ऊन पडलं होतं. मार्चमधलं, कोवळं, फसवं नाही असं ऊन.

"तर... झालं," तो म्हणाला. "आता सोडायला गॅस नाही."

"नाही."

"ब्रायनी, एक सांगायचंय. तू रागावशील." त्यानं पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "गॅस... गेल्या शुक्रवारीच बरोबर झाला होता. यीस्टचं काम संपलं होतं. शनिवार, रविवार, सोमवार... हे सगळे दिवस मी उगाच आलो. बूच उचलायचो, पण खरं काही सोडत नव्हतो."

मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले.

"रागावलीस."

"शनिवारी तू गेल्यावर मी एक बाटली फोडून सगळी प्यायले," मी म्हटलं. "एकटीनं. पायरीवर बसून. अगदी बरोबर होती."

"म्हणजे तुला माहीत..." त्याचे कान लाल होऊ लागले. "पण तू तर रविवारी म्हणालीस, अजून टोचतंय!"

"सोमवारीही म्हणाले. मंगळवारी तर तोंडही वाकडं करून दाखवलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, ते थांबेचना. मलाही. दारात उभे राहून आम्ही दोघं हसत होतो, आणि हसता हसता त्याचा हात माझ्या हातात आला होता. खडबडीत, ऊबदार, अंगठ्यावर जुना व्रण असलेला.

"मी फार खोटं बोलत नाही एरवी," तो म्हणाला.

"मीही नाही."

"मला तू आवडतेस. हे खरं आहे. गारा पडत होत्या तेव्हापासून."

"मला ठरवायला वेळ लागला," मी म्हटलं. "शनिवारपर्यंत."

त्यानं माझ्या कपाळावर आलेली बट मागे सारली. त्याच्या श्वासाला बिटरचा, माल्टचा, लाकडाचा वास होता. मी टाचा उचलल्या, आणि... पुढचं मिसेस शॅकल्टनना विचारा, त्या खिडकीतच होत्या.

"उद्या कुठलं कारण सांगून येऊ?" बऱ्याच वेळानं त्यानं माझ्या केसांत विचारलं.

"बिनकारण ये," मी म्हटलं. "जेवायलाच ये."